समुद्रातली कोरी जागा

चित्र बैठकीच्या खोलीत होतं, खिडकीसमोरच्या भिंतीवर. दोन हात रुंद, तैलरंगातलं. वादळातला समुद्र, बंदराच्या दगडी बंधाऱ्याच्या टोकावरून दिसतो तसा. पुढे एक मोठी लाट, फुटायच्या बेतात असलेली, पाठीवर फेसाच्या शिरा. तिच्यामागे दुसरी, शिशाच्या रंगाची. त्यामागे आभाळ आणि पाणी यांच्यातली रेघ पुसून गेलेली. लाटेच्या माथ्याशी पाणी पातळ होतं आणि उजेड आरपार येतो, तिथला हिरवा इतका खरा होता की पहिल्यांदा घरी आलेला माणूस नकळत आपले बूट कोरडे आहेत ना ते बघायचा.

त्या हिरव्याच्या उजव्या बाजूला तळहाताएवढी जागा कोरी होती. तिथे रंग नव्हता, पेन्सिलीची खूणही नव्हती. नुसता कॅनव्हास, जुन्या उशीच्या अभ्र्यासारखा पिवळा पडलेला.

पाहुणे विचारायचे, ओल आली का? पुसताना रंग निघाला का? नात्यातल्या एक बाई बराच वेळ चित्रासमोर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "तिथे एक छोटं घड्याळ छान बसेल." हे वाक्य घरात पुढे कायमचं राहिलं. कुठे काही अडलं, बिघडलं, उरलं, की कुणीतरी म्हणायचं, "तिथे एक घड्याळ बसेल."

चित्रकाराची बायको मात्र त्यावर हसायची नाही. तिची खुर्ची खिडकीकडे तोंड करून असे, म्हणजे चित्राकडे पाठ.

ते वादळ झालं तेव्हा त्यांचं लग्न नवं होतं. चित्रकाराने शिकत असतानाच एक नियम घेतला होता आणि तो कधी मोडला नव्हता. डोळ्यांना दिसलं तेवढंच रंगवायचं. मनातलं नाही, ऐकलेलं नाही, आठवलेलं नाही. ढग हवा असेल तर ढग येईपर्यंत थांबायचं. त्या दिवशी त्याने ईझल बंधाऱ्याच्या टोकाला, जहाजांचे दोर बांधायच्या लोखंडी खुंट्याला आवळून बांधला होता. बायको कॅनव्हासच्या कडा धरून शेजारी उभी होती. तिचा थोरला भाऊ सकाळीच होडी घेऊन बाहेर गेला होता. टाकलेली जाळी वाहून जाऊ नयेत म्हणून. दुपारी ती म्हणाली, "अहो, तो बघा, दादा."

चित्रकार खाली पॅलेटकडे बघत होता. लाटेचा हिरवा नुकता जमत आला होता.

"थांब गं," तो म्हणाला. "हिरवा हातचा जाईल."

त्याने मान वर केली तेव्हा तिथे पाणी होतं.

होडी परत आली नाही. भाऊही आला नाही. त्याला शेवटचं पाहिलं ते बहिणीनेच.

चित्र पुढे पूर्ण झालं, तेवढी जागा सोडून. तिथे होडी काढली तर ते खोटं, कारण चित्रकाराने ती पाहिली नव्हती. तिथे पाणी काढलं तर बायको खोटी ठरत होती, आणि ती खोटं बोलणारी बाई नव्हती. म्हणून त्याने तिथे काहीच काढलं नाही. त्याच्या दृष्टीने हा न्याय होता. तिच्या दृष्टीने काय होतं, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. दूध उतू चाललंय आणि चित्रकार पेपरात डोकं घालून बसलाय असं झालं की ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "असू द्या, असू द्या. हिरवा हातचा जाईल." आवाज गमतीचा असे. दूध मात्र ती तसंच उतू जाऊ द्यायची.

त्यांची लेक हे ऐकतच मोठी झाली. झोपताना इतर मुलं गोष्टी ऐकतात तशी ती मामाची होडी ऐकायची. शीड सायीच्या रंगाचं. शिडाच्या उजव्या कोपऱ्यात तांबडं ठिगळ. मामा सुकाणूपाशी उभा, डोक्यावर निळी लोकरीची टोपी. आणि शेवटचं वाक्य नेहमी तेच असे: "होडीचं तोंड बंदराकडे होतं. परत येत होता तो." तिथपर्यंत आलं की लेकीला झोप लागायची. कित्येकदा ती होडी तिच्या झोपेत शिरायची आणि रात्रभर हळूहळू येत राहायची.

लेक पुढे चौकटी बनवायला लागली. तिचं दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. सरस, लाकडाचा भुसा, काच कापायचं टेबल. दुपारचं जेवायला ती आईवडिलांकडे यायची. वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली तीच.

चित्रकार सांगत होता की दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, आणि सगळ्या वस्तूंच्या कडा विरघळल्यासारख्या वाटतात. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. एखाद्या नव्या रंगाच्या नळीबद्दल सांगावं तसं सांगत होता. डॉक्टरने बराच वेळ डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं आणि काचबिंदू आहे म्हणून सांगितलं. गेलेली नजर परत येणार नाही. राहिलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, थेंब नेमाने घालायचे.

घरी आल्यावर चित्रकार आपल्या खुर्चीत बसला. खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं आणि काचांवर समुद्राच्या मिठाची पुटं होती, त्यामुळे खोलीतला उजेड तसाही दुधाळ होता.

"सगळं घर पाण्याखाली गेल्यासारखं आहे," तो म्हणाला. "वाईट नाही. खुर्च्या तरंगतात. तू दारातून आलीस ना, तर आधी उजेड हलला. मग तू आलीस."

बायकोने त्याच्या डोळ्यांत थेंब घातले, रुमालाने गाल पुसले आणि विचारलं, "आता तरी काढाल का?"

"काय?"

"वेड पांघरू नका."

"मी पाहिली नाही."

"मी पाहिली ना. माझे डोळे काय उसने आणलेले होते?"

"तू पाहिलीस. मग तू काढ."

हे बोलणं जुनं होतं, आणि नेहमी इथेच थांबायचं. या वेळी ती तिथून हलली नाही.

"तुमची नजर गेली की ती जागा तशीच राहणार," ती म्हणाली. "मी आहे तोवर मला माहीत आहे तिथे कोण आहे ते. माझ्यामागे कुणीतरी खरंच घड्याळ लावेल."

चित्रकाराने शेजारचा ब्रश उचलला आणि चिंधीने पुसायला लागला. ब्रश स्वच्छच होता.

लेक टेबलाशी बसून हे ऐकत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाबा, तुम्ही टेबलावर फळं मांडून चित्र काढता. ती फळं खरी की खोटी?"

"खरी."

"पण मांडलेली."

"मांडली म्हणून काय लाकडाची होतात? समोर आहेत, दिसतात, खरी."

"बरं," लेक म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

संध्याकाळी दुकान बंद करून ती बंदरावर गेली. तिचा मामेभाऊ, म्हणजे त्या हरवलेल्या माणसाचा मुलगा, मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर कामाला होता. अंगाने भरलेला, केस पिकायला लागलेले. बंदरावर त्याला सगळे नांगर म्हणायचे. एकदा बसला की उठवायला यंत्र लागतं म्हणून. तो शेडमध्ये एका पालथ्या होडीवर बसून चहा पीत होता.

ती होडी त्याच्या बापाने आणि बापाच्या मित्राने बांधलेल्या दोन होड्यांपैकी दुसरी. एकाच साच्यातल्या, सख्ख्या बहिणींसारख्या. पहिली गेली. दुसरीला त्यानंतर कुणी पाण्यात घातलं नव्हतं. तिच्यावर दोरांची वेटोळी, डब्यांची रास आणि नांगर, एवढंच असे.

लेकीने काय हवं ते सांगितलं. नांगरने चहाचा पेला खाली ठेवला.

"म्हणजे आतोबांना दिसावं म्हणून मी खवळलेल्या पाण्यात शीड लावून जायचं."

"हो."

"आणि आतोबांना दिसतं किती?"

"रोज थोडं कमी."

"छान. आंधळ्याला दाखवायला वेडा निघाला." तो उठला, आणि ही गोष्ट त्या शेडमध्ये क्वचितच घडायची. त्याने होडीच्या बुडावर थाप मारली. आवाज पोकळ आणि कोरडा आला. "फटी बुजवाव्या लागतील. लाकूड तू बघशील?"

"बघेन."

"आत्याला सांगितलंस?"

आत्याला सांगणं हे सगळ्यात अवघड काम होतं. लेकीने सांगितलं तेव्हा ती बटाटे सोलत होती. सोलत राहिली. साल न तुटता लांबत गेली.

"त्याला पाठवायचं?" तिने विचारलं. "त्याच पाण्यात? त्याच्या बापामागे?"

"आई, तो रोज पाण्यातच असतो."

"टगबोटीत असतो. लोखंडाच्या." तिने साल ठेवली. "दोर बांधायचा. होडीला लांब दोर, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला इंजिनाची बोट. हे होणार नसेल तर मला चित्र नको. ती जागा राहू दे कोरी."

बंदराच्या पायलट लोकांना, म्हणजे वाटाड्यांना, जहाजांवर नेणारी लाँच बंधाऱ्याच्या आड उभी राहील असं ठरलं. तिच्यावरचे दोघे नांगरचे दोस्त होते. दोर पाण्याखालून जाईल, दिसणार नाही.

मग काम सुरू झालं. लेकीने होडीच्या दोन कुजलेल्या फळ्या बदलल्या. नांगरने फटींत कापूस ठासला आणि वर डांबर ओतलं. शीड आईने शिवलं. तिने सायीच्या रंगाचं जाड कापड आणलं, तांबडं ठिगळ उजव्या कोपऱ्यात लावलं, मग उसवलं, थोडं वर लावलं, पुन्हा उसवलं. नांगर ते बघत होता.

"माझी आई डावीकडे म्हणायची," तो म्हणाला.

"तुझी आई त्या दिवशी बंधाऱ्यावर होती?"

"नव्हती."

"मग गप्प बस."

तिने ठिगळ उजवीकडेच शिवलं. टोपीही विणली. निळी, कानांवर येणारी. नांगरच्या डोक्याला ती घट्ट झाली. "बापाचं डोकं लहान होतं का गं आत्या?" त्याने विचारलं. "अक्कल जास्त होती," ती म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून हसली.

चित्रकाराला लेकीने सगळं सरळ सांगितलं. फसवून दाखवलेलं त्याने काढलं नसतं. ऐकताना तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्याला आता खिडकी म्हणजे एक उजळ चौकोन होता आणि त्यात मधूनमधून पक्ष्यांसारखं काहीतरी सरकायचं.

"मांडलेलं फळ," तो म्हणाला.

"हो."

"फळं मी काढतोच." त्याने बायकोच्या दिशेने मान वळवली. "पण मला दिसेल तेच काढीन. तुझं ठिगळ दिसलं तर ठिगळ. नाही दिसलं तर नाही. मागाहून भांडायचं नाही."

"नाही भांडणार."

"आणि हिरव्यावरून टोमणा नाही."

"ते बघू," ती म्हणाली.

मग वाऱ्याची वाट बघायची होती. वारा हवा होता तो त्याच दिशेचा, आणि लाट तशीच बंधाऱ्याच्या टोकाशी उचलली जाणारी. फार मोठी नको, फार लहान नको. नांगर म्हणायचा, आतोबांना वादळ पाहिजे आणि आत्याला नको, तेव्हा दोघांच्या मधलं शोधतोय. त्या दिवसांत घर चमत्कारिक शांत होतं. चित्र चौकटीतून काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं. भिंतीवर त्याच्या जागी एक फिकट आयत. चित्रकार रोज सकाळी रंग मिसळायचा, डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन, वास घेतोय असं वाटावं इतक्या जवळ. दुपारी खुर्चीत डुलकी लागली की त्याला स्वप्नात नुसता हिरवा दिसायचा, काठ नसलेला, आणि जागा झाला तरी तो रंग खोलीत थोडा वेळ रेंगाळायचा. बायकोला स्वप्न पडत नव्हतं. ती म्हणायची, मला झोपेत कुणीतरी हाक मारतं आणि मी ओ देते, बस्स. ओ दिलेली चित्रकाराने ऐकलीही होती.

एका सकाळी नांगर दारात आला. टोपी त्याच्या हातात होती.

"आज," तो म्हणाला. "दुपारी भरतीला. चित्र नीट धरा. नाहीतर त्याचंच शीड होईल आणि आतोबा माझ्याआधी समुद्रात जातील."

बंधारा ओला होता. दगडांवरून पाणी मागे सरकताना कुजबुजल्यासारखा आवाज येत होता. लोखंडी खुंटा तोच होता, गंजून जाड झालेला. लेकीने ईझल त्याला बांधला. आई कॅनव्हासच्या कडा धरून उभी राहिली, तेव्हा उभी होती तिथेच. कुणी तिला सांगितलं नव्हतं, तिचे पाय आपोआप त्या दगडावर गेले.

चित्रकाराने पॅलेट लेकीच्या हातात दिली.

"खांद्याइतकी वर धर," तो म्हणाला. "माझ्या नजरेच्या रेषेत. मी आज खाली बघणार नाही."

ब्रशवर रंग आधीच घेतलेला होता. तो समुद्राकडे तोंड करून उभा राहिला, पापण्या मिटूही नयेत अशा बेताने. हवेत बारीक तुषार होते. लांबचं जहाज, आभाळ, पाणी, सगळं एकाच कापडाचं असल्यासारखं हलत होतं. लाटा येत होत्या. उचलल्या जायच्या, क्षणभर पातळ व्हायच्या, आत दिवा लावल्यासारख्या उजळायच्या आणि फुटायच्या.

बंधाऱ्याच्या टोकामागून होडी बाहेर आली.

लेकीला सगळं स्पष्ट दिसलं. सायीच्या रंगाचं शीड, उजव्या कोपऱ्यात तांबडं ठिगळ, सुकाणूपाशी रुंद पाठीचा नांगर, डोक्यावर घट्ट बसलेली निळी टोपी. लहानपणापासून झोपेत येत राहिलेली होडी आता उघड्या डोळ्यांसमोर होती. तिला वाटलं होतं त्याहून ती लहान होती.

तिने आईकडे पाहिलं. आई समुद्राकडे बघत नव्हती. तिने मान वळवली होती आणि ती पॅलेटकडे बघत होती. पॅलेटवरच्या हिरव्याकडे, एकटक.

"दिसली," चित्रकार म्हणाला. अगदी हळू, झोपलेल्या मुलाजवळ बोलावं तसा.

ब्रश कॅनव्हासला लागला. एकदा. पुन्हा. लेकीने पॅलेट हलू दिली नाही. मोठी लाट आली आणि होडी तिच्यामागे गेली. शीड गेलं, मग डोलकाठीचं टोकही गेलं. नुसतं पाणी राहिलं. ते फार वेळ राहिलं, किंवा तसं वाटलं.

"दोर?" आईने पॅलेटवरून नजर न काढता विचारलं.

"आहे, आई. दोर आहे."

लाट सरली. होडी वर आली, वाकडी, पाणी गाळत. लाँचचं इंजिन गुरगुरलं आणि होडी मागे मागे ओढली जात बंधाऱ्याच्या आड गेली. चित्रकाराने आणखी एक फटकारा मारला, तो अगदी हलका, आणि हात खाली घेतला.

"झालं," तो म्हणाला. "झाकून घ्या."

घरी येऊन चित्र पुन्हा भिंतीवर लावलं. उन्हं उतरली होती आणि खोलीत तोच दुधाळ उजेड होता. नांगर टॉवेल गुंडाळून चहा पीत बसला होता. लेकीने कापड काढलं.

तळहाताएवढी जागा आता कोरी नव्हती. तिथे एक फिकट, करडा-पांढरा तिरपा फटकारा होता. त्याच्या कडा हिरव्यात विरघळत गेलेल्या. वर एक अंधूक रेघ, डोलकाठी म्हटलं तर डोलकाठी. खाली किंचित तपकिरी, लाकूड म्हटलं तर लाकूड. माणूस नव्हता. ठिगळ नव्हतं. पुढची बाजू कुठली नि मागची कुठली, तेही कळत नव्हतं.

नांगर उठून जवळ गेला, मग मागे आला.

"आतोबा," तो म्हणाला, "हा मी आहे?"

"मला एवढंच दिसलं."

"अहो, आत्याने ते ठिगळ दोनदा उसवून शिवलं. माझ्या कानांवर अजून टोपीचे वळ आहेत."

"एवढंच दिसलं," चित्रकार पुन्हा म्हणाला. तो चित्राकडे बघत नव्हता, बायको जिथे उभी असावी असं त्याला वाटलं तिकडे बघत होता. "भांडायचं नाही असं ठरलंय."

बायको चित्रासमोर येऊन उभी राहिली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, घातला. मग पुन्हा काढला आणि हातातच ठेवला. लेकीला वाटलं, आता ती दुसऱ्या खोलीत निघून जाईल आणि जेवायच्या वेळेपर्यंत येणार नाही. तसं पूर्वी झालेलं होतं.

"असंच होतं," ती म्हणाली.

नांगरने पेला ठेवला.

"काय असंच होतं, आत्या?"

"त्या दिवशी. तोंडावर पाणी उडत होतं. डोळ्यांत मीठ. मला एवढंच दिसलं होतं. काहीतरी पांढरं, वाकडं, वर आलं आणि गेलं. मी म्हटलं, दादा."

"आणि ठिगळ?"

"ठिगळ रोज बघायचे की. दोरीवर शीड वाळत असायचं. टोपी मीच विणलेली, खुंटीला असायची." ती थांबली. "बाकीचं मी नंतर घातलं. कधी घातलं ते मलाच कळलं नाही. आज हे बघेपर्यंत कळलं नव्हतं."

नांगर खाली बसला. आत्याकडे बघून त्याने हळूच विचारलं, "म्हणजे आईचं डावीकडचं ठिगळही बरोबर असू शकेल?"

"असेल. तिच्या घरातलं शीड. तिला जास्त माहीत."

तो हसला, मग त्याने टॉवेलने तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिला. ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

चित्रकाराने खुर्चीतूनच विचारलं, "हिरवा जुन्याशी जुळला का गं?"

तिने चित्राकडे वळून पाहिलं. घाईने नाही.

"जुळला," ती म्हणाली. "कुठे संपला नि कुठे सुरू झाला, कळत नाही."

त्यानंतर चित्रकाराची नजर हळूहळू गेली. आधी टोकाची लाट गेली, मग आभाळ, मग खिडकीचा चौकोनही फिकट होत गेला. बायकोची खुर्ची आता भिंतीकडे तोंड करून होती. संध्याकाळी, चहा झाला की, तो तिला चित्रातलं विचारायचा आणि ती बघून सांगायची. फेस कसा आहे. मागच्या लाटेचा रंग आज कसा वाटतो. ती बघितल्याशिवाय काही सांगायची नाही. दिवा लावायची, उठून जवळ जायची, मग सांगायची.

एका संध्याकाळी लेक दुकान बंद करून आली तेव्हा दोघं तसेच बसले होते.

"होडी आहे ना?" चित्रकाराने विचारलं.

"आहे."

"तोंड कुणीकडे आहे? बंदराकडे?"

लेक दारातच थांबली. लहानपणी रोज ऐकलेलं वाक्य आता येईल, असं तिला वाटलं.

आई उठली. चित्राच्या अगदी जवळ गेली, मान वाकडी केली, एक पाऊल मागे आली.

"ते दिसत नाही," ती म्हणाली. "दिसलं की सांगते."